मास्तरणीबाईंचा गुडघा आणि पुण्याहून आलेला पट्टा

अहो, ऐकलंत का? जरा भिंतीजवळ सरका, मोठ्यानं बोलायची सोय नाही. त्यांची थोरली सून आत्ताच गच्चीवर गेलीय आणि तिचे कान म्हणजे... जाऊ द्या. तर मास्तरणीबाईंच्या गुडघ्याचा तो पट्टा. एक बटण दाबलं की गार, दुसरं दाबलं की गरम. त्या पट्ट्यावरनं त्या घरात जे काही झालंय ना, त्यातलं अर्धं मी स्वतः पाहिलंय आणि अर्धं त्यांच्या भांडेवालीनं सांगितलंय. म्हणजे सगळं खरंच.

आता ऑपरेशन कसं झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सगळा जन्म फळ्यापुढं उभं राहून काढलेला, गुडघे कधीचेच गेलेले. जिना उतरायचा तर एकेका पायरीला कठडा धरून, तोंडानं रामकृष्ण हरी. पण ऑपरेशनचं नाव काढलं की बाई ऐकून घ्यायच्या नाहीत. त्यांचे भाऊ आले होते ना औरादहून, त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. म्हणाले, "ताई, अटलजींचे दोन्ही गुडघे बदलले. 2000 च्या ऑक्टोबरात डावा, 2001 च्या जूनमध्ये उजवा, मुंबईत ब्रीच कँडीला. डॉक्टर रानावत खास न्यूयॉर्कहून आले. आणि जुलैत माणूस आग्र्याला मुशर्रफसमोर उभा!" तर मास्तरणीबाई काय म्हणाल्या माहितीय? "त्यांना मुशर्रफसमोर उभं राहायचं होतं, न्हाणीत धुणं घेऊन बसायचं नव्हतं." भावाचा चेहरा असा पडला! चहा तसाच अर्धा ठेवला त्यांनी.

मग पैशाची गोष्ट निघाली. थोरला मुलगा म्हणे, थांबू या, कापूस विकू द्या. धाकटा पुण्याहून फोनवर, आत्ताच करायचं. त्यात माझा भाचा बोलला, लातूरला फिजिओथेरपीचं करतो तो. म्हणाला, पूर्वी नुसत्या सांध्याचेच दीड लाखाच्या वर जायचे, ऑगस्ट 2017 ला सरकारनं लगाम घातला तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याला 54,720 रुपये ठरवले, जीएसटी वेगळा. डॉक्टर, खोली, औषधं हे तर आणखी वेगळंच. पण त्या आकड्यानं थोरल्याचं तोंड बंद झालं. दसरा झाला आणि बाईंना लातूरला नेलं. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभ्यासुद्धा केल्या!

तर काय सांगत होते... हां, पट्टा.

तो यायच्या आधी बर्फाचा उद्योग होता. डॉक्टरांनी सांगितलेलं, दिवसातनं चार-पाच वेळा बर्फ लावा, पंधरा-वीस मिनिटं, मधे कापड ठेवून, पाय उशीवर. आता त्यांचा फ्रिज केवढा? बर्फाचे दोन ट्रे. थोरली सून वाडगं घेऊन अख्ख्या गल्लीत बर्फ मागत फिरायची. "काकू, थोडा बर्फ आहे का?" मी पण दिला हो, नाही कशाला म्हणू? मनात आलं, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं लातूरला, त्या वर्षी गुडघा बदलला असता तर बर्फ कुणी दिला असता हिला! एक दिवस तर फ्रोझन मटारची पिशवीच बांधली गुडघ्याला. छान बसते म्हणे, गुडघ्याच्या आकारात. तेच मटार रात्री उसळीत. पाहुण्यांनी खाल्ली, वाहवा केली. भांडेवालीनं सांगितलं मला, मी तर पोट धरून हसले.

त्यात उदगीरच्या आत्याबाई आल्या मुक्कामाला. मास्तरणीबाईंच्या नणंद. उंबऱ्यातनंच ओरडल्या, "अगं बया, काय करलालीस गं? ताज्या हाडावर बर्फ? वात धरंल की!" आणि पिशवीतनं काय काय काढलं म्हणून सांगू... निरगुडीचा पाला, रुईची पानं, ओव्याची पुरचुंडी. वीट तापवून फडक्यात गुंडाळायची तयारी. आमच्या आया-आज्यांनी तेच केलं ना हो सगळं, रुईच्या पानाला एरंडेल लावून तव्यावर शेकायचं आणि बांधायचं. मला पण बरं वाटायचं त्यानं, खोटं कशाला सांगू. थोरली सून लगेच आत्याबाईंच्या बाजूला. का? अहो, वीट तापवायला गल्लीत वाडगं घेऊन फिरावं लागत नाही!

तेवढ्यात धाकट्यानं पाठवलेलं खोकं आलं. कुरिअरवाला दारात, आत्याबाई हातात वीट घेऊन, आणि खोक्यावर गुडघ्याचं चित्र. काय सांगू तुम्हाला, नाटकातल्यासारखं झालं!

उघडलं तर काय, काळा पट्टा. गुडघ्याभोवती गुंडाळायचा, वेल्क्रोनं चिकटवायचा, आत हवा भरून जरासा आवळतो पण. चार्जिंगची बॅटरी. हिरवा दिवा लागला की चालू. निळं बटण गार, लाल बटण गरम. आत्याबाई बघतच राहिल्या. "एकाच चुलीवर आइस्क्रीम आन् भाकरी?" म्हणाल्या. माझा भाचा तिथंच होता, त्यानं उलगडून सांगितलं. 1834 साली पेल्तिये म्हणून एक फ्रेंच माणूस होता, मूळचा घड्याळजी. त्याला दिसलं की दोन वेगळ्या धातूंच्या जोडातनं वीज सोडली की एक टोक गार पडतं आणि दुसरं गरम होतं. विजेची दिशा उलटी केली की गारवा आणि ऊबही उलटी. तेच या पट्ट्यात. बटण म्हणजे नुसती दिशा बदलायची. आणि गार बाजूची उष्णता टाकायची कुठं, म्हणून मागं बारका पंखा घुर्रर्र करत असतो. भाचा असंही म्हणाला की चैत्र-वैशाखात आपल्याकडं खोलीतच चाळीस अंश असतं, तेव्हा हा पट्टा गार करायला धापा टाकतो, त्यापेक्षा फ्रिजमधली जेलची पिशवी बरी. हे ऐकून थोरलीचा चेहरा बघायला हवा होता. एवढे पैसे टाकले आणि पुन्हा फ्रिजच!

लातूरच्या मोठ्या दवाखान्यांत दुसऱ्याच तऱ्हेचं असतं बघा, बर्फाच्या पाण्याचा डबा, त्याला पंप, नळी, आणि गुडघ्याला पट्टा. ते गार पाणी फिरत राहतं. भाचा म्हणतो, साध्या बर्फाच्या पिशवीपेक्षा त्यात फार मोठं काही जास्त मिळत नाही, पण घरच्यांची धावपळ वाचते. आणि बर्फानं काय होतं, तर शिरा आकसतात, सूज कमी, नसा जरा बधिर होतात म्हणून दुखणं कमी. जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर फायदा आहे, पण थोडासा. "बाई, चमत्कार नाही हा," असं तोंडावर सांगितलं त्यानं. बाईंनी त्याला पहिलीत पाढे शिकवलेत, तरी!

मग गरमाचं काय? आत्याबाई सोडतात होय! "मग आमचा शेक काय येडेपणा?" भाचा हुशार हो, तो म्हणाला, आत्याबाई, तुमचा शेकही खराच, पण वेळ चुकली. ताजी सूज असते तेव्हा गरम केलं की रक्त आणखी तिकडं धावतं, सूज वाढते. जुना आखडलेला गुडघा, सकाळी उठल्यावर लाकूड झालेला, त्याला ऊब द्यावी. म्हणजे तुमच्या गुडघ्याला वीट, बाईंच्या गुडघ्याला बर्फ. आत्याबाईंचा चेहरा निम्मा खुलला, निम्मा पडला. कारण जिंकल्या की हरल्या ते त्यांना कळेना!

पण त्यांची खरी भीती वेगळीच होती. हळूच माझ्या कानात म्हणाल्या, "आत लोखंड घातलंय म्हणे. गरम केलं तर आतनं तापंल का वो?" आता मला पण धाकधूक. भाच्याला विचारलं. तो म्हणाला, लोखंड नाही, कोबाल्ट-क्रोम आणि टायटॅनियम आणि मधे प्लॅस्टिकची चकती. वरनं दिलेली ऊब एवढी खोल जात नाही. मात्र जुन्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत शॉर्टवेव्ह डायथर्मीचं मशीन असतं ना, ते धातू बसवलेल्या जागी लावायचं नाही. तिथं मात्र आत्याबाईंचं म्हणणं बरोबर. मग काय, त्या दिवसापासनं आत्याबाई सगळ्या उदगीरला सांगत सुटल्यात, "मी म्हणलं होतं की, लोखंड तापतंय!"

अजून एक. महिनाभरानं एके रात्री घरात रडारड. का, तर गुडघा हाताला गरम लागतोय, आत पू झाला. थोरला गाडी काढून तयार. भाच्याला रात्री फोन. तो म्हणाला, बदललेला गुडघा काही महिने दुसऱ्यापेक्षा कोमटच लागतो, तेवढ्यावरनं घाबरू नका. ताप आलाय का? टाक्यांतनं पाणी येतंय का? लाली, दुखणं वाढतंय का? पोटरी सुजून दुखतेय का? तसं असेल तर आत्ताच्या आत्ता निघा, नाहीतर झोपा. सगळ्याचं उत्तर 'नाही' आलं आणि मंडळी झोपली. थोरलीनं गाडीतले डबे परत आत नेले. अहो, एवढ्या रात्री डबे कशाला भरले होते, तेवढं मात्र कुणी विचारलं नाही!

मला त्या पट्ट्याची भीती वाटते ती वेगळ्याच कारणानं. ते बसस्टँडमागचे निवृत्त कंपाउंडर आठवतात ना? त्यांनी पण मागवला होता तसला, नुसता गरमचा. शुगर आहे त्यांना, पायाला संवेदना कमी. लावला आणि टीव्ही बघता बघता झोपले. सकाळी फोड! आणि पट्टा काही उकळता नव्हता हो. भाचा म्हणाला, 44 अंशांची ऊब म्हणजे हाताला नुसती कढत वाटते, पण एकाच जागी सहा तास राहिली तर कातडी भाजते. इतरांना चटका कळतो, पाय हलतो. त्यांना कळलाच नाही. बर्फाचं पण तसंच. उघड्या कातडीवर लावून झोपलं तर गारठ्यानं पण भाजतं. आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, एक नस अगदी कातडीखालनंच जाते. तिच्यावर बर्फ घट्ट आवळून ठेवला तर पाऊल लुळं पडू शकतं. म्हणून पट्टा घालून झोपायचं नाही. झोपायचंच नाही! तेवढं मात्र तुमच्या ह्यांना नक्की सांगा, ते पण मागवणार होते ना परवा.

आमच्या गल्लीतले पैलवान आजोबा या सगळ्यावर हसतात. त्यांचं एकच, रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. आपल्याच निलंगा तालुक्यातले. 1969 चे महाराष्ट्र केसरी, 1970 ला एडिनबराला राष्ट्रकुलचं सुवर्ण. "त्यांच्या गुडघ्याला पट्टा होता का?" म्हणतात. तालमीतली लाल माती, त्यात ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर, हौदात लोळलं की झालं. भाचा पण वस्ताद निघाला. म्हणाला, आजोबा, तुमच्या पैलवानांना मुरगळलं की आम्ही शिकलो ते 'राइस'. भात नाही हो! विश्रांती, बर्फ, आवळणं, पाय उंच, या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. अमेरिकेतल्या मिरकिन नावाच्या डॉक्टरनं 1978 ला पुस्तकात लिहिलं, जगानं उचललं, आणि पुढं पस्तीसेक वर्षांनी त्याच मिरकिननं सांगितलं, बर्फ फार लावू नका, भरून यायला उशीर होऊ शकतो. आजोबांनी मांडीवर थाप मारली. "बघ! आन् 'राइस' म्हटलं की आपल्याला निलंगा राईसच माहीत." सगळी गल्ली हसली. थोरली सून नाही हसली, ती बर्फ फोडत होती.

अरे हो, येळवस! ते तर राहिलंच.

वेळ अमावस्येला शेतात जायचंच म्हणून बाई हटून बसल्या. एवढ्या वर्षांत एक येळवस चुकली नाही, म्हणाल्या. भज्जी, अंबील, उंडे, खीर, सगळं डोक्यावरनं शेतात. पण बसायचं कसं? गुडघा बदलल्यावर मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. मग प्लॅस्टिकची खुर्ची ट्रॅक्टरमध्ये. कडब्याच्या कोपीत पांडव मांडलेले, सगळी मंडळी खाली पंगतीत, आणि मधोमध खुर्चीवर मास्तरणीबाई, पातळ जरा वर सरकवून, गुडघ्याला तो काळा पट्टा. हिरवा दिवा लुकलुक! बॅटरीवर चालतो ना, वीज कशाला हवी. शेजारच्या शेतातल्या बायका अंबील प्यायच्या निमित्तानं आल्या आणि पांडवांच्या पाया पडायच्या आधी गुडघ्याच्या पाया पडल्या की काय असं वाटावं, एवढ्या वाकून बघत होत्या. एकीनं विचारलं, "किती तोळ्याचा हो?" देवाशप्पथ! बाईंनी पण सांगितलं, "पुण्याच्या पोराचा आहे." थोरलीचा घास तिथंच थांबला. तिच्या नवऱ्यानं दोन महिने दोन्ही काखेत धरून चालवलं, त्याचं नाव नाही. मला वाईट वाटलं हो. खरंच वाटलं.

आता असली गोष्ट ऐका. कुणाला बोलायची नाही हं.

मागच्या आठवड्यात दुपारी मी ताक द्यायला गेले. बाई पलंगावर, पाय उशीवर, पट्टा लावलेला. थोरली स्वयंपाकघरातनं, "आई, दळण आलंय, जरा बघता का?" बाई, "मशीन लावलंय गं!" परत, "आई, दारात पेपरवाला." "मशीन लावलंय!" मी जवळ बसले. घुर्रर्र आवाज नाही. दिवा बघते तर... दिवाच नाही! बंद! मी हात लावला, ना गार ना गरम. मी बाईंकडं बघितलं, बाईंनी माझ्याकडं. आणि डोळा मारला की हो मला! साठी उलटलेली बाई!

मग हळूच म्हणाल्या, "अगं, लग्न होऊन आले तेव्हापासनं दुपारी पाय पसरून कधी बसले नव्हते. नुसतं 'दुखतंय' म्हटलं तर कुणी ऐकत नाही. 'मशीन लावलंय' म्हटलं की सगळे दबकून चालतात." काय बोलणार मी? बरोबरच आहे ना. आपल्याकडं बाईनं नुसतं बसलेलं चालतंय का कुणाला? वीस मिनिटं कुणी उठवायचं नाही असं डॉक्टरनं लिहून दिलं तरी पटत नाही, पण पट्ट्याला बटण असलं की पटतं. मी तर म्हणते त्या पट्ट्याचं अर्धं औषध तेवढंच. गार-गरम नंतर.

पण भाच्याला कळलं असतं तर ओरडला असता. त्याचं सगळं लक्ष वाकण्यावर. तो म्हणतो, पट्टा दुखणं कमी करतो, म्हणजे व्यायाम जमतो, इतकंच त्याचं काम. गुडघा सरळ किती होतो, वाकतो किती, ते बाईंनीच करायचं. टाच अंथरुणावर घसटत मागं घ्यायची, पलंगाच्या कडेवर बसून पाय लोंबकळत सोडायचा, मांडीचा स्नायू आवळून दहापर्यंत मोजायचं. बाई दहापर्यंत मोजत नाहीत हो, एकोणीसचा पाढा म्हणतात! एकोणीस दाहे एकशे नव्वद झालं की पाय खाली. भाचा आला की तिथंही चूक काढतात त्याची. नव्वद अंशांच्या पुढं गेलाय गुडघा, आता जिना पण चढतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. कोपऱ्यावरच्या सगळ्या पोरांना पाठ झालंय ते.

तर काय सांगत होते... हां. पट्टा आता गल्लीचा झालाय. पैलवान आजोबांनी पण मागितला परवा, नातवाच्या हातनं, स्वतः कसे मागतील! बाईंनी दिला, बजावून, झोपायचं नाही, वीस मिनिटं, मधे पंचा घालायचा. बाईंच्या जाऊबाईंनी मागितला तर त्यांना नाही दिला. "तुझे गुडघे चांगलेत," म्हणाल्या. जाऊबाईंचा चेहरा!

आणि काल काय झालं... काल तिन्हीसांजेला मी त्यांच्याकडं. थोरली सून पलंगावर. पाय उशीवर, पट्टा कमरेला गुंडाळलेला! बाई बाहेरच्या खोलीतनं, "अगं, चहा टाकतेस ना?" आतनं थोरली अगदी बाईंच्याच आवाजात, "आई, मशीन लावलंय!"

घरात असं शांत झालं... मी पदर तोंडाला लावला. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, पट्ट्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. सुनेनं डोळे मिटून घेतले. आणि मास्तरणीबाई काही न बोलता वळल्या, काठी न घेता ओट्याशी गेल्या आणि तीन कप आधण ठेवलं. आलं पण किसलं हो. पहिला कप पलंगावर नेऊन दिला. साखर मात्र फार झाली होती.